मे महिन्याचं बिल सप्टेंबरनंतर का बदललं?

प्रश्न : बाई, नमस्कार. साखळीच्या बाजारात माझं वह्या-पुस्तकांचं आणि स्टेशनरीचं दुकान आहे. सात-आठ वर्षांपूर्वी भाच्याने मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमध्ये बिलांचा प्रोग्राम करून दिला. तो आता बंगळूरला असतो. मला दोन अडचणी आहेत. पहिली अशी, की बिल करता करता नवी वस्तू भरली तर ती बिलाच्या खिडकीतल्या यादीत दिसत नाही. खिडकी बंद करून पुन्हा उघडली की दिसते. दुसरी अडचण मोठी आहे. मे २०२५ मध्ये एका शाळेला पाचशे वह्या दिल्या, बिल १६,८०० रुपयांचं झालं. आता त्यांच्या हिशेबनिसांनी लेखापरीक्षणासाठी बिलाची दुसरी प्रत मागितली. ती छापली तर कर शून्य आणि एकूण १५,००० रुपये! माझ्या फायलीतल्या जुन्या कागदावर मात्र १६,८००च आहेत. शाळेतून विचारणा आली, "मग वरचे अठराशे कसले घेतलेत?" भाचा फोनवर म्हणतो, लुकअप फील्ड ताजी माहिती दाखवतंय म्हणजे प्रोग्राम ठीक आहे, आणि एकच माहिती दोन ठिकाणी साठवणं डेटाबेसच्या शास्त्रात चूक असते. हे कसं? – एक दुकानदार, साखळी

उत्तर : आधी शाळेचं काम करा. फायलीतल्या जुन्या कागदाची झेरॉक्स काढा, सही-शिक्का मारून आजच नेऊन द्या. खरं बिल तेच आहे. संगणकाने आता छापलेला कागद त्या बिलाची प्रत नाही, आजच्या माहितीवर नव्याने मांडलेला हिशेब आहे. दोष तुमच्या व्यवहारात नाही, तक्त्यांच्या मांडणीत आहे.

काय झालं असणार ते सांगते. २२ सप्टेंबर २०२५पासून वह्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून शून्यावर आला. पेन्सिली, शार्पनर, खडूरंग, नकाशे यांचंही तसंच झालं. तुम्ही वस्तूंच्या तक्त्यात जाऊन वहीच्या रांगेत १२च्या जागी ० लिहिलंत. ते बरोबरच केलंत. पण तुमच्या बिलाच्या ओळीत भाच्याने दोनच गोष्टी ठेवलेल्या दिसतात : वस्तूचा क्रमांक आणि नग. वहीचं नाव, भाव, कराचे टक्के हे सगळं बिल उघडताना किंवा छापताना दर वेळी वस्तूंच्या तक्त्यातून उचललं जातं. मे महिन्यात उचललं तेव्हा तिथे १२ होते : पंधरा हजारांवर अठराशे, त्यातले नऊशे केंद्राचे नि नऊशे राज्याचे. आज उचललं तर तिथे शून्य आहे. बिलाच्या ओळीत १२ हा आकडा कधी लिहिलेलाच नव्हता, त्यामुळे तो पुसला गेला असंही म्हणता येत नाही.

लुकअप फील्ड या नावाने खूप जणांची फसगत होते. तक्ता उघडला की रकान्यात 'वही, २०० पानी' अशी अक्षरं दिसतात, म्हणून माणसाला वाटतं की तिथे तीच अक्षरं साठवलेली आहेत. प्रत्यक्षात तिथे १७ किंवा ४२ असा एक क्रमांक असतो. ॲक्सेस तो क्रमांक घेऊन दुसऱ्या तक्त्यात जातो, त्या क्रमांकासमोरचं नाव आणतो आणि क्रमांकावर पांघरूण घालावं तसं ते नाव दाखवतो. क्रमांकाच्या रकान्याची रुंदी शून्य ठेवलेली असते, म्हणून तो डोळ्यांना दिसत नाही. माझ्या वर्गात मुलं नावाने गाळणी लावायला जातात आणि डेटाचा प्रकार जुळत नाही असा संदेश येतो, तो याच कारणाने. म्हणून मी तक्त्यात लुकअप करूच देत नाही. तक्त्यात उघडा क्रमांक असावा आणि निवड-यादी फॉर्मवर, म्हणजे माहिती भरायच्या खिडकीवर, असावी. मग काय साठलंय आणि काय नुसतं दिसतंय, हे करणाऱ्याला समजत राहतं.

आता तुमच्या भाच्याचं म्हणणं. ते उडवून लावण्यासारखं नाही. एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती एकमेकांना जोडलेल्या तक्त्यांत ठेवायची पद्धत, मांडलं, तेव्हापासून या शास्त्राचा आग्रह हाच आहे की एक माहिती एकाच जागी असावी, म्हणजे दोन जागी दोन वेगळी उत्तरं मिळणार नाहीत. भाचा नियम बरोबर शिकलाय. पण 'वहीवर आज किती कर आहे' आणि 'मे २०२५च्या त्या बिलात किती कर लावला' ही एकच माहिती आहे का? नाही, या दोन वेगळ्या माहिती आहेत. मे महिन्यात त्यांचा आकडा एकसारखा होता, इतकंच. पहिली बदलत राहणार. दुसरी घडून गेली, ती आता कोणीही बदलू शकत नाही, सरकारसुद्धा नाही. दोन वेगळ्या माहिती दोन जागी ठेवल्या तर नियम मोडत नाही. उलट तुमच्या प्रोग्रामात दुसऱ्या माहितीला जागाच ठेवलेली नाही.

आपल्याकडे गोव्यात जमिनीचा व्यवहार केलेल्या कोणालाही हा फरक ठाऊक असतो. एक-चौदाचा उतारा काढला की आज नोंदीवर कोण आहे ते कळतं. फेरफार झाला की उतारा बदलतो, आणि तो बदलायलाच हवा. पण विक्रीखत बदलत नाही. त्यात त्या दिवशीचा विकणारा, त्या दिवशीचा घेणारा, त्या दिवशीची किंमत असते. पुढे जमीन चार हातांतून गेली तरी त्या कागदावरची रक्कम तीच. बिल हे विक्रीखत आहे. तुमच्या प्रोग्रामाने त्याचा एक-चौदा केला.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण १९९८ साली मी हीच चूक केली. फोंडा तालुक्यातल्या एका नारळाच्या व्यापाऱ्याला उधारीचा हिशेब करून दिला होता. तेव्हा ॲक्सेस ९७ होतं. नारळ शेकड्याच्या भावाने घ्यायचे, मोठ्यांचा भाव वेगळा, लहानांचा वेगळा, आणि भाव तर आठवड्याला हलणारा. मी भावाचा तक्ता एकच ठेवला आणि प्रत्येक खरेदी त्याला जोडली. चवथीच्या तोंडावर भाव चढला, त्यांनी नवा भाव भरला, आणि आधीच्या दोन महिन्यांत ज्या बागायतदारांचे पैसे चुकते झाले होते त्यांना अजून पैसे द्यायचे आहेत असं दिसायला लागलं. व्यापारी वयस्कर होते, लाल कापडाची चोपडी त्यांनी सोडली नव्हती. ती समोर ठेवून त्यांनी मला एकेक ओळ दाखवली. त्या चोपडीत प्रत्येक खरेदीपुढे त्या दिवशीचा भाव लिहिलेला होता. मी दोन रात्री बसून दोनशेहून जास्त ओळी हाताने दुरुस्त केल्या. चोपडी नसती तर ते आकडे परत मिळालेच नसते. म्हणून तुमची कागदी फाइल जपा. जीएसटीच्या कायद्याप्रमाणेही हिशेबाचे कागद वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावेच लागतात.

आता दुरुस्ती. आधी अख्ख्या फाइलची एक प्रत बाजूला ठेवा, आणि पुढचं सगळं प्रतीवर करून बघा. २२ सप्टेंबरच्या आधीचा एखादा बॅकअप पेन ड्राइव्हवर असला तर शोधा. जुने टक्के त्यातल्या वस्तूंच्या तक्त्यात जसेच्या तसे असतील. मग बिलाच्या ओळींच्या तक्त्यात दोन नवे रकाने करा : 'लावलेला भाव' आणि 'लावलेला कर'. त्यांना हीच नावं द्या. वस्तूंच्या तक्त्यात 'भाव' आणि 'कर' असतीलच, आणि नावं सारखी ठेवली तर सहा महिन्यांनी पुन्हा कोणीतरी गोंधळ करील. त्यानंतर अपडेट क्वेरीने, म्हणजे अनेक ओळी एकदम बदलणाऱ्या आज्ञेने, आधी 'लावलेला कर' भरा. बिलाची तारीख २२ सप्टेंबर २०२५च्या आधीची असेल तर बॅकअपमधले टक्के, त्या दिवशीची किंवा नंतरची असेल तर आजचे.

इथे एक खाचखळगा आहे. क्वेरीच्या एसक्यूएलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या भाषेत, तारीख हाताने लिहिलीत, तर ॲक्सेस ती अमेरिकी क्रमाने वाचतो, आधी महिना आणि मग दिवस. २२ हा महिना होऊ शकत नाही, म्हणून २२/९ निभावून जाईल. पण ५/९ लिहिलंत तर त्याला ९ मे समजेल आणि एक शब्द न बोलता चुकीच्या ओळी भरून टाकील. महिना आधी लिहायची सवय करा.

भावांचं काम जास्त किचकट आहे, कारण सात-आठ वर्षांत तुम्ही भाव कितीदा बदलले असतील. कर फक्त त्या एका दिवशी बदलला असं तुम्ही म्हणाल, पण जुन्या बिलांतले भावही आज नव्या भावाने दिसत असणार. कोणी प्रत मागितली नाही म्हणून ते लक्षात आलं नाही. वेगवेगळ्या वर्षांची दहा-बारा कागदी बिलं काढा आणि पडद्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहा. जिथे तफावत असेल तिथे कागद खरा. सगळी बिलं हाताने भरणं जमणार नाही, मला कल्पना आहे. तरी कायद्याने ज्या वर्षांचे कागद ठेवायचे आहेत तेवढी तरी करा, शाळांची आणि मोठ्या गिऱ्हाइकांची आधी. जिथे आकडा मिळत नाही तिथे रकाना रिकामा सोडा. अंदाजाचा आकडा नंतर खऱ्यासारखाच दिसतो.

हे झाल्यावर बिलाच्या छपाईचा रिपोर्ट वस्तूंच्या तक्त्याऐवजी या नव्या रकान्यांना जोडा. आणि शेवटी, नव्या बिलांत हे रकाने आपोआप भरले जावेत म्हणून फॉर्मवरच्या वस्तूच्या निवड-यादीला 'आफ्टर अपडेट' घटनेत, म्हणजे वस्तू निवडून झाली की चालणाऱ्या जागी, दोन ओळी लिहायला भाच्याला सांगा : निवडलेल्या वस्तूचा भाव उचलून 'लावलेला भाव'मध्ये ठेव, कर उचलून 'लावलेला कर'मध्ये ठेव. त्या यादीच्या मागे क्रमांक, नाव, भाव, कर असे चार रकाने असतील. त्यांची मोजणी शून्यापासून होते, म्हणजे भाव हा दोन नंबरचा आणि कर तीन नंबरचा. एकने चुकलं तर भावाच्या जागी नाव जायला बघतं.

वस्तूच्या नावाचाही विचार करा. कंपनी २०० पानांची वही १७२ पानांची करते, वेष्टन तेच ठेवते, आणि दुकानदार त्याच रांगेत नुसता आकडा बदलतो. त्या क्षणी जुन्या सगळ्या बिलांत तुम्ही १७२ पानांची वही दिलीत असं होतं. वस्तू बदलली तर नवी रांग करा, नवा क्रमांक घ्या. नावातली शुद्धलेखनाची चूक सुधारायची असेल तरच जुन्या रांगेत हात घाला.

'लुकअप' या शब्दाचा आणखी एक घोळ माहीत असू द्या, म्हणजे भाच्याशी किंवा दुसऱ्या कोणाशी बोलताना अडकायला होणार नाही. फाइलमेकर नावाच्या प्रोग्राममध्ये लुकअपचा अर्थ बरोबर उलटा आहे. तिथे लुकअप म्हणजे त्या क्षणीची किंमत उचलून इथे नक्कल करून ठेवणे. मूळ बदललं तरी नक्कल तशीच राहते, मुद्दाम 'रीलुकअप'ची आज्ञा देईपर्यंत. ती आज्ञा समोर असलेल्या सगळ्या नोंदींवर चालते आणि परत फिरवता येत नाही. म्हणजे तुमचं बिल फाइलमेकरमध्ये आपोआप शाबूत राहिलं असतं. शब्द एक, वागणूक दोन. 'लुकअप लावलाय' एवढं ऐकून समाधान मानू नका; नक्कल ठेवलीय की बोट दाखवलंय, हे विचारा.

राहिली तुमची पहिली अडचण, नवी वस्तू यादीत न दिसण्याची. चवथीच्या आदल्या दिवशी तुम्ही माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळाफुलांच्या, सामानाची चिठ्ठी खिशात घालून बाजारात गेलात असं समजा. तुम्ही निघाल्यावर घरी आईला आठवलं की कवंडळं राहिली, तिने आपल्याकडच्या कागदावर ती लिहिली. तुमच्या खिशातल्या चिठ्ठीत ती येणार नाहीत. बिलाचा फॉर्म उघडतो तेव्हा निवड-यादी वस्तूंच्या तक्त्यातून अशीच एकदा चिठ्ठी लिहून घेते आणि फॉर्म बंद होईपर्यंत तीच वापरते.

घरी फोन लावून "चिठ्ठीत आहेत त्यांचं काही बदललंय का?" विचारलंत, तर सुपारीचा एक घड नको, दोन हवेत, एवढं कळेल. कवंडळांबद्दल तुम्ही विचारलंच नाही, म्हणून कळणार नाही. ॲक्सेसमध्ये याला 'रिफ्रेश' म्हणतात : हाताशी असलेल्या नोंदींतले बदल येतात, नव्या नोंदी येत नाहीत. "पहिल्यापासून सगळं सांग, मी नवी चिठ्ठी लिहितो" असं म्हणालात तर ती 'रीक्वेरी'. तिच्यात कवंडळं येतात आणि आईने खोडलेल्या वस्तू जातात. पण चिठ्ठी नवी असल्यामुळे तुम्ही कुठवर आला होतात ती खूण राहत नाही. म्हणून अख्ख्या फॉर्मची रीक्वेरी केली की तो पहिल्या नोंदीवर जाऊन उभा राहतो. तुम्हाला अख्खा फॉर्म नको आहे, फक्त ती यादी हवी आहे. यादीच्या चौकटीत कर्सर ठेवून एफ९ दाबा, यादी नव्याने येईल.

तरीही आली नाही तर वस्तू भरायच्या खिडकीत डाव्या कडेला पेन्सिलीचं चिन्ह दिसतंय का बघा. पेन्सिल दिसते म्हणजे नोंद अजून तक्त्यात उतरलेली नाही, आणि जे तक्त्यात नाही ते कितीही वेळा मागवलं तरी येणार नाही. शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबा, पेन्सिल जाईल, मग एफ९.

रोज एफ९ दाबायचं नसेल तर भाच्याला सांगा, वस्तूंचा फॉर्म बंद होताना बिलाच्या फॉर्मवरच्या त्या यादीची रीक्वेरी करून घे. याहून चांगला मार्ग 'नॉट इन लिस्ट' या घटनेचा आहे. यादीत नसलेलं नाव टाइप केलं की ही घटना घडते, तिथूनच वस्तू भरून घ्यायची आणि 'जोडली' असं उत्तर परत द्यायचं. मग ॲक्सेस स्वतःच यादी नवी करतो. गर्दीच्या वेळी गल्ल्यावर बसणाऱ्याला हे फार सोयीचं पडतं.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाच्या सभासदांच्या यादीत मोले आणि कुळे इथल्या लोकांपुढे अजून 'सांगे' तालुका येतो. आता तो धारबांदोडा आहे. वरचा नियम लावायचा तर जुनं तसंच ठेवायचं का? – ग्रंथालयातील स्वयंसेवक, कुडचडे

उत्तर : नाही, इथे बदल सगळीकडे पोचायला हवा. सभासद आज कुठे राहतो, पत्र कुठे पाठवायचं, ही आजची माहिती आहे. पण तालुक्यांच्या तक्त्यात जाऊन 'सांगे' हे नाव खोडून 'धारबांदोडा' करू नका, नाहीतर खुद्द सांग्याचे सभासदही धारबांदोड्याला जातील. तालुक्यांच्या तक्त्यात धारबांदोड्याची नवी रांग करा. मग गावांचा वेगळा तक्ता असेल तर मोले आणि कुळे या दोन रांगांमधला तालुक्याचा क्रमांक बदला, सभासद आपोआप बरोबर दिसतील. गावांचा तक्ता नसेल आणि तालुका प्रत्येक सभासदापुढे भरला असेल, तर या निमित्ताने गावांचा तक्ता करून घ्या. सभासदापुढे फक्त गाव ठेवा, तालुका गावावरून कळेल. भाच्याने सांगितलेला नियम इथे शंभर टक्के लागू आहे.

आणखी एक. पुस्तक देण्याच्या फॉर्मवर वर्गणी थकलेल्यांना यादीतून गाळलं असेल, तर त्यांच्या जुन्या नोंदींत नावाची जागा कोरी दिसेल. घाबरून पुन्हा नाव भरू नका. क्रमांक आत शाबूत आहे. यादीत ते नाव सापडत नाही म्हणून चौकट कोरी राहते. गाळणी काढली की नाव परत येतं.

प्रश्न : म्हापशात आमच्या दुकानात दोन संगणकांवर एकच ॲक्सेस फाइल चालते. एकावर गिऱ्हाइकाचा फोन नंबर बदलला तर दुसऱ्यावर थोड्या वेळाने दिसतो, नवं गिऱ्हाईक मात्र दिसतच नाही. शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत फार पंचाईत होते. – एक वाचक, म्हापसा

उत्तर : फोन नंबर उशिरा दिसतो, कारण ॲक्सेस ठरावीक अंतराने दुसऱ्याने केलेले बदल बघून येतो. हे अंतर मुळात ६० सेकंदांचं असतं. ऑप्शन्समधल्या क्लायंट सेटिंग्जमध्ये ते कमी करता येतं, पण फार कमी केलंत तर दोन्ही संगणक मंदावतील. वीस-तीस सेकंद पुरेत. नवं गिऱ्हाईक दिसत नाही, कारण तो फेरा रिफ्रेशचा असतो, रीक्वेरीचा नसतो. साखळीच्या उत्तरातली कवंडळांची गोष्ट पुन्हा वाचा. गिऱ्हाइकांच्या निवड-यादीच्या 'ऑन एंटर' घटनेत तिची रीक्वेरी लिहा, म्हणजे कर्सर तिथे गेला की यादी नवी होईल. काही शे नावं असतील तर वेळ लागल्याचं जाणवणारही नाही. आणि शुक्रवारी नवं गिऱ्हाईक भरणाऱ्याने शिफ्ट-एंटर मारल्याशिवाय खुर्ची सोडू नये.